खडी फोडणारी आजी

मुंबई-कोलकाता महामार्गानं साकोलीहून पूर्वेला निघालं की देवरीच्या अलीकडे कोहमारा येतं. सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव तसं लहान, पण चौक चालता. जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा महामार्ग सरळ रायपूरकडे जातो. डावीकडचा रस्ता गोरेगाववरून गोंदियाला, उजवीकडचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत वडशाकडे. दिवसभर ट्रकांची घरघर, चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं, आणि जुलैच्या दिवसांत रोवणीवर निघालेल्या बायांनी खच्चून भरलेल्या छोट्या गाड्या.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय कळवला: आजी. स्वतःच्या आजीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या आजीकडे जा, अशी पुस्तीही जोडली. माझ्या डोळ्यांसमोर कोहमाऱ्याचा चौक आला. इथून उजवीकडे वळलं की पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्यांमध्ये तिबेटी आज्यांचं एक गाव आहे. नाव नोर्ग्येलिंग. गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात, इटियाडोह धरणापासून जवळ, १९७२ साली ही वसाहत बसली. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदांत तिला आजही ‘भंडारा’ म्हणतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण धरमशाळेतल्या यादीत जुनंच नाव राहिलं.

ज्या आजीबद्दल मी लिहिते आहे ती आता हयात नाही. मला भेटली ती तिची नात. नावं छापू नका, हे तिनं पहिल्या भेटीतच सांगितलं. आजीची काही भावंडं, त्यांची मुलंबाळं तिबेटातच राहिली. इथं छापून आलेल्या एखाद्या नावापायी तिकडे कुणाला चौकशीला बोलावलं जावं, हे तिला नको आहे. त्यामुळे या लेखात ती फक्त आजी. घरात तिला मोमो-ला म्हणायचे.

उजवीकडचा रस्ता

कोहमाऱ्याहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा हा मुलूख. मराठी वाचकाला तो ठाऊक आहे तो मारुती चितमपल्लींमुळे. त्यांनी इथं वनाधिकारी म्हणून वर्षं काढली, नवेगावच्या तळ्यावरच्या पक्ष्यांना मराठीत आणलं. ते तळं कोहळ्यांनी बांधलेलं. हे तलाव बांधणारे लोक उत्तरेकडून इथं आले आणि गोंड राजांच्या आश्रयानं त्यांनी पाण्याच्या जागा उभ्या केल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. म्हणजे या मुलखाला बाहेरून आलेली माणसं नवी नाहीत. तरी तळ्यापासून तासाभराच्याही आत असलेल्या तिबेटी गावाकडे मराठी लेखणी फारशी वळली नाही, याची मला खंत वाटते. नवेगावला आलेले पर्यटक वाटेत ‘तिबेटी कॅम्प’ बघून घेतात, पताकांपुढे फोटो काढतात आणि परततात.

पताका आहेतच. पांढऱ्या, निळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, विदर्भाच्या उन्हात लवकर विटणाऱ्या. गोम्पा, म्हणजे मठ, आहे, ओसरीवर फिरणाऱ्या माळा आहेत. पण जुलैत मी गेले तेव्हा नजरेत भरला तो चिखल. घरांच्या रांगा संपल्या की लगेच बांध्या सुरू होतात, त्यांत पाणी भरलेलं, धुऱ्यांवर पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकलेल्या. नातीचं घर त्या कडेलाच. तिची आई दाराशी बसून ओल्या चपलांचा चिखल काढत होती. आत चहा झाला, दुधाचा आणि साखरेचा. लोणी-मिठाचा चहा फक्त सणाला होतो, कारण या हवेत तो सोसत नाही.

जमीन-डुकराचं वर्ष

आजीला आपली जन्मतारीख माहीत नव्हती, वर्ष पक्कं माहीत होतं: लोह-ड्रॅगन. तिबेटी पंचांगात बारा प्राणी आणि पाच तत्त्वं यांच्या जोड्यांनी साठ वर्षांचं चक्र चालतं, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच. त्या हिशेबानं तिचा जन्म १९४०चा. पुढे कचेरीत कुणीतरी १ जानेवारी लिहून टाकलं आणि ती तारीख कायमची झाली.

गाव ल्होखा प्रांतातलं, तिबेटच्या दक्षिणेचं. घरी जवाचं शेत, वाटाणा, थोड्या मेंढ्या, दोन याक. १९५० च्या ऑक्टोबरात चीनचं सैन्य पूर्वेला चामडोत शिरलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि ल्होखापर्यंत त्याची झळ पोचली नव्हती. १९५१चा सतरा कलमी करार वगैरे शब्द तिनं भारतात आल्यावर, सभांमध्ये ऐकले. तिच्या आठवणीत युद्ध आलं ते धान्याच्या रूपानं. खाम प्रांतात १९५६ पासून बंड पेटलं होतं. तिकडचे लढवय्ये हटत हटत दक्षिणेला आले, १९५८ च्या जूनमध्ये त्यांनी ‘चुशी गांगद्रुक’ ही संघटना उभारली आणि ल्होखात तळ ठोकला. त्यांच्या घोड्यांना वैरण, त्यांना त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, गावानं द्यायचं. काही जण हात जोडून मागत, काही दमदाटीनं नेत. आजी दोन्ही सांगायची. लढणारे आपलेच होते म्हणून तिनं त्यातलं काही लपवलं नाही, हे मला तिच्याबद्दल फार मोलाचं वाटतं.

मग जमीन-डुकराचं वर्ष लागलं, १९५९. १० मार्चला ल्हासात लोक उठले, १७ मार्चच्या रात्री दलाई लामा राजवाड्यातून बाहेर पडले आणि ल्होखातूनच दक्षिणेला येत ३१ मार्चला भारताच्या हद्दीत पोचले. त्यांच्यामागून पुढच्या महिन्यांत सुमारे ऐंशी हजार माणसं आली. ते आपल्या गावावरून गेले की नाही, आजी ठामपणे सांगत नसे. तिच्या वयाच्या पुष्कळ जणींनी आपण त्यांना पाहिलं असं सांगितलं. तिनं घोड्यांच्या टापा ऐकल्या, एवढंच.

एप्रिलमध्ये गावातून सतरा-अठरा जण रात्री निघाले. दिवसा कपारीत लपायचं, रात्री चालायचं. चूल पेटवायची नाही, त्यामुळे त्साम्पा बर्फात कालवून खायचा. तिच्याबरोबर वडील आणि धाकटा भाऊ होता. आई घर सांभाळायला मागे राहिली. थोड्या दिवसांत परत यायचं होतं. जाताना गाय कुणाकडे सोपवायची यावरून आईशी वाद झाला होता आणि ते तिचं आईशी झालेलं शेवटचं बोलणं. नात म्हणाली, आजी खिंडीबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत संपवायची, गायीबद्दल विचारलं तर तासभर बोलायची.

तवांगच्या बाजूनं ते आत आले. पुढे से-ला, बोमडिला, आणि मग उतार, आसामच्या पायथ्यापर्यंत.

मिसामारी

पळून येणाऱ्यांच्या कथा साधारण सरहद्दीवर संपतात. वाचणाऱ्याला वाटतं, सुटले. आजीच्या कथेतला सगळ्यात कठीण भाग तिथून पुढे सुरू होतो आणि माझ्या मते निर्वासितांबद्दलच्या आपल्या सगळ्या लिखाणात तोच कमी येतो.

आसामात तेजपूरजवळ मिसामारीला सरकारनं बांबूच्या झोपड्यांची छावणी घाईघाईनं उभारली होती. भिक्षूंपैकी बऱ्याच जणांना बंगालमधल्या बक्सा द्वारच्या जुन्या तुरुंगात ठेवलं, बाकीचे मिसामारीत. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय मदत समिती झाली, कपडे, औषधं, दूध-भुकटी आली. मदत खरी होती. पण मे-जूनचा आसाम आणि अंगावर मेंढीच्या लोकरीचा जाड छुबा! ज्यांनी आयुष्यात थंड, कोरड्या हवेखेरीज दुसरी हवा घेतली नव्हती त्यांना हगवण, कावीळ, क्षय यांनी गाठलं. डाळ-भात पोटाला ठाऊक नव्हता. आजीचे वडील तिथंच गेले. खिंड ओलांडताना त्यांना काही झालं नव्हतं.

हे ऐकून नातीच्या आईनं मान हलवली आणि उठून आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात लोखंडाचा एक तुकडा होता.

बारा वर्षं रस्त्यावर

तो हातोड्याचा माथा होता. माझ्या मुठीत मावेल एवढा. एका बाजूला तोंड झिजून गोल, गुळगुळीत झालेलं, दुसरी बाजू चेपून कडा बाहेर वळलेल्या. मधल्या भोकात आता बांबूचा दांडा ठोकला आहे आणि त्यानं गोठ्यातला खुंटा ठोकतात. हे लोखंड आजीनं कुलूकडून आणलं.

मिसामारीतून हजारो तिबेट्यांना पहाडातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवलं गेलं: सिक्कीम, चंबा, कुलू, लडाख. हवा त्यांना सोसेल, आणि सरहद्दीकडे रस्ते तातडीनं हवेत, अशी दोन्ही गणितं त्यात जुळत होती. १९६० च्या मे महिन्यात सीमा सडक संघटना स्थापन झाली, १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झालं आणि घाई आणखी वाढली. ज्या सैन्यापुढून ही माणसं पळाली होती तेच सैन्य तवांग, बोमडिला घेत तेजपूरच्या दिशेनं उतरलं. आजी तेव्हा कुलूच्या बाजूला होती. आता कुठं पळायचं, एवढीच चर्चा तंबूत आठवडाभर चालली, असं तिनं नातीला सांगितलं होतं.

काम असं चाले. पुरुष कड्याला सुरुंग लावणार, दगड ढासळवणार. बायका ते टोपलीनं वाहून आणणार आणि बसून फोडणार. दगड जागेवर राहावा म्हणून भोवती चिंध्यांचं कडं. तुकडे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मान एका अंगाला वळवून हातोडा मारायचा. बारा वर्षं तशी मान वळवल्यानं आजीची मान शेवटपर्यंत जराशी डावीकडे कललेली राहिली. फोटोतही तसं दिसतं. फोडलेल्या खडीचा ढीग मोजून पैसे. तिला आठवणारी रोजी दीड रुपयाची होती. रस्ता पुढे सरकला की तंबूही पुढे सरकायचा, त्यामुळे एका जागी दोन हंगाम कधी काढले नाहीत. दरड कोसळायची, सुरुंग उशिरा उडायचा. कोण कुठं गेलं याची नोंद तंबूतल्या माणसांच्या डोक्यात.

तिथंच तिचं लग्न झालं, तिथंच दोन मुलं. थोरल्याला तीन वर्षांचा असताना धरमशाळेला पाठवलं. रस्त्याच्या छावण्यांमध्ये लहान मुलं दगावत होती म्हणून दलाई लामांच्या सूचनेवरून धरमशाळेत १७ मे १९६० ला बालगृह निघालं होतं; पहिली एक्कावन्न मुलं अशा छावण्यांमधूनच आलेली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी ते सांभाळलं, १९६४ मध्ये त्या गेल्यावर धाकट्या जेत्सुन पेमांनी. त्याच बालगृहाचा पुढे तिबेटी बालग्राम झाला. मूल जगलं, शिकलं, हे खरं. पण पुढच्या भेटीत थोरल्यानं आजीला ओळखलं नाही. तो दुसऱ्या बाईच्या पदराआड, म्हणजे तिथल्या सांभाळणाऱ्या अम्माच्या झग्याआड, लपला. धाकटी मुलगी, आत्ता माझ्यासमोर हातोड्याचा माथा घेऊन बसलेली, १९६६ ची. तिला आजीनं पाठवलं नाही. पाठीशी बांधून खडी फोडली.

भाऊ आणखी एका वाटेनं गेला. १९६२ च्या युद्धाच्या अखेरच्या दिवसांत चक्राता इथं तिबेटी जवानांचं एक गुप्त दल उभं राहिलं, ‘एस्टॅब्लिशमेंट २२’ या नावानं ओळखलं जाणारं. तो त्यात भरती झाला. तिबेटासाठी लढायला मिळेल म्हणून गेलेल्या या दलाला १९७१ मध्ये चितगावच्या डोंगराळ भागात उतरवलं, बांगलादेशच्या युद्धात. छप्पन्न तिबेटी तिथं कामी आले. दल गुप्त असल्यानं त्यांचा जाहीर सन्मान झाला नाही. आजीचा भाऊ परत आला आणि त्याबद्दल घरात काही बोलला नाही.

बाहत्तर

मराठी माणसाला बाहत्तर साल म्हटलं की दुष्काळ आठवतो. सुकडी, मिलो, आणि खडी फोडणाऱ्या बायका. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, ज्या घरांतल्या बायका कधी उंबऱ्याबाहेर मजुरीला गेल्या नव्हत्या त्याही हातोडा घेऊन बसल्या. आमच्या नात्यातल्या दोघीजणी त्यांतल्या. चिंध्यांचं कडं, वळवलेली मान, झोळीतलं मूल, मोजून घेतलेला ढीग: कुलूची हकिकत ऐकताना माझ्या कानात त्यांचे आवाज होते. बाहत्तर सालीच आजीनं हातोडा खाली ठेवला आणि ती महाराष्ट्रात आली.

तिबेट्यांना जमीन देऊन वसवायचं, विखरू द्यायचं नाही, हे धोरण पंतप्रधान नेहरूंच्या काळात ठरलं. म्हैसूर राज्यानं सर्वांत आधी हात पुढे केला आणि १९६० मध्ये बैलकुप्पे उभं राहिलं. मग मैनपाट, ओरिसातलं चंद्रगिरी, मुंडगोड. भंडाऱ्याचा नंबर बराच मागून लागला. तोवर आजीच्या बरोबरच्या काही जणी रस्त्यावरच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

गोंदियाहून चांदा फोर्टकडे तेव्हा छोटी गाडी धावायची, नॅरोगेजची. पुढे ती रुंद झाली. त्या गाडीच्या खिडकीतून आजीनं पहिल्यांदा धान पाहिलं. पाण्यात उभं असलेलं हे गवत कसलं, असं तिला वाटलं होतं.

चिखल

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो शेजारच्या गावातल्या एका मराठी आजीला भेटून. नातीनंच नेलं. वय ऐंशीच्या घरात, कंबर वाकलेली, आवाज खणखणीत. तिनं आमच्या आजीला रोवणी शिकवली. ती तिला ‘तिबेटीनबाई’ म्हणते.

या बाया पहिल्या वर्षी लोकरीच्या झग्यांसकट बांधीत उतरल्या, हे ती हात हलवून हलवून सांगते. झगा चिखल पिऊन एवढा जड झाला की पाय उचलेना. मग हिनं घरून आपलं जुनं लुगडं आणलं आणि धुऱ्यावर उभी राहून तिला नेसवलं, कासोटा मारून. त्या हंगामात तिबेटीनबाई लुगड्यातच राबली. पुढे त्यांनी आपापल्या सोयीनं परकर, पॅन्ट, काय काय काढलं, पण पहिला हंगाम लुगड्याचा.

ज्यानं रोवणी पाहिली नाही त्याला ती सोपी वाटते. आधी एका कोपऱ्यात दाट पेरून पऱ्हे तयार करायचे. पाऊस लागला की बांधीत चिखलणी, चिखल असा व्हावा लागतो की पाय घोट्याच्या वर जाईल पण रुतून बसणार नाही. पऱ्हे मुळासकट उपटून, मुळं पाण्यात खळबळून पेंढ्या बांधायच्या. मग बायांची ओळ वाकते. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं तीन-चार काड्यांची चिमूट चिखलात दाबायची, खोल गेली तर फुटवा येत नाही, वर राहिली तर तरंगते. आणि सगळं मागे मागे सरकत. जवाचं शेत पेरणाऱ्या बाईला पुढे चालायची सवय. आजी पहिल्या आठवड्यात कितीदा तरी पाठीवर पडली. पण तिला पाठीची मेहनत नवी नव्हती, बसून काम करायची सवय मोडणं तिला जड गेलं.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. पहिली काही वर्षं म्हाताऱ्यांना ते सोसलं नाही. हिवताप होता, साप होते. मराठी आजी सांगते, की उन्हाळ्यात या लोकांना दुपारी घराबाहेर पडायचं नाही हे समजावावं लागलं, कारण ऊन म्हणजे चांगली गोष्ट अशी त्यांची समजूत. मोहाची फुलं वेचायला मात्र त्या पहिल्याच वर्षी आल्या, आणि भराभर वेचल्या.

परतफेड हिवाळ्यात व्हायची. दरवर्षी एक स्वेटर. शेवटचा गर्द जांभळा, तो तिनं काढून दाखवला. तिबेटीनबाई गेली तेव्हा तिला कुणी निरोप धाडला, ती पोचली, आणि गोम्पातले लामा वाद्यं वाजवत होते तिथं बाहेर पायरीवर बसून राहिली. आपल्याकडे रडतात तसं तिथं कुणी रडत नव्हतं, म्हणून तिलाही रडता आलं नाही. ते तिला अजून बोचतं.

वसाहतीतल्या पुष्कळ बांध्या आता ठेक्यानं दिलेल्या आहेत. रोवणीला गुत्त्यानं बाया येतात, आसपासच्या गावांतल्या. नातीला रोवणी येते, तिच्या मुलाला येत नाही.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच अरुणनगर, गौरनगर अशी नावं असलेली बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही माणसं, बहुतेक नमःशूद्र शेतकरी. १९६४ च्या जानेवारीत खुलना-जेसोरकडे दंगली उसळल्यावर जो लोंढा आला त्यातल्या अनेकांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवलं आणि तिथून दंडकारण्यात, चांदा-भंडाऱ्याच्या जंगलकडेला जमिनी दिल्या. कोहमाऱ्यावरून जाणारा महामार्ग त्या रायपूरला थेट जोडलेला. त्यांच्याही आज्या आहेत. दुर्गापूजेला अख्खा तालुका त्यांच्याकडे लोटतो. जमिनीचे पट्टे आणि जातीचे दाखले या त्यांच्या अडचणी मात्र साठ वर्षांनंतरही सुटता सुटत नाहीत.

मला राहून राहून एक गोष्ट जाणवत राहिली. तिबेटी आजीचा भाऊ ज्या बांगलादेशासाठी चितगावच्या जंगलात लढला, त्या मातीतून उठून आलेल्या बायका त्याच्या बहिणीच्या शेजारच्या गावांत धान रोवत होत्या. तेव्हा हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाजाराच्या दिवशी त्या एकमेकींशी मोडक्या हिंदीत माशाचा भाव करत.

महाराष्ट्रानं याआधीही असं पाहिलं आहे. सोव्हिएत राजवटीनं १९४० पासून सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेले पोलंडचे लोक इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतले सुमारे पाच हजार १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी आले आणि गांधीनगर झालं. वळिवड्यात वाढलेल्या पोलिश मुली, आता आज्या-पणज्या, कोल्हापूरला येऊन गेल्या, २०१९ मध्ये तिथं स्मृतिस्तंभही झाला. त्या मुलखानं त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, छापल्या. गोंदियाच्या या कोपऱ्यात ते काम अजून व्हायचं आहे आणि माणसं झपाट्यानं कमी होत आहेत.

दिवाळीतली सामसूम

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा नोर्ग्येलिंगमध्ये म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलंच उरलेली असतील. दसऱ्याच्या आगेमागे घराघरांतली कर्ती माणसं स्वेटर विकायला बाहेर पडतात. माल लुधियानाचा. तिथले व्यापारी वर्षानुवर्षांच्या ओळखीवर तो उधार देतात, हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. कागदापेक्षा शब्दावर चालणारा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे आणि त्याचा दोन्ही बाजूंना अभिमान आहे. जानेवारीपर्यंत थंडी चांगली पडली तर वर्ष निघतं. विदर्भातली थंडी आखडली की डोक्यावर कर्ज. करोनाच्या हिवाळ्यात बाजारच भरले नाहीत, तेव्हा आजीनं घरातलं पोवळं मोडलं.

नात नागपूरला बसते. गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी ढंगात बोलते, भाव तोडताना ‘ताई, परवडत नाही ना वं’ म्हणते आणि गिऱ्हाईक हसून घेतं. आजीही बसायची, सत्तरीपर्यंत. मान डावीकडे कललेली, हात मात्र थांबत नसत. विकायचे स्वेटर मशीनचे, पण ती बसल्या बसल्या हातानं विणत असे, घरच्यांसाठी.

लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे परततात. त्यापाठोपाठ १० मार्च, ल्हासातल्या उठावाचा दिवस.

एका घरातले तीन कागद

आजी गेली तेव्हा तिच्या पेटीत नोंदणी प्रमाणपत्राच्या जुन्या वह्या निघाल्या. इथं सगळे त्याला ‘आर.सी.’ म्हणतात. परदेशी नागरिक म्हणून नोंद, राहण्याची परवानगी, ठरावीक मुदतीनं नूतनीकरण. आधी ते दरवर्षी करावं लागे, पुढे मुदत पाच वर्षांची झाली. आधी भंडाऱ्याचे शिक्के, १९९९ नंतर गोंदियाचे. पानापानावर फोटो, आणि त्या फोटोंतून एक बाई तिशीपासून सत्तरीपर्यंत म्हातारी होत जाते. शेवटच्या वहीतही जन्मस्थान तिबेट, राष्ट्रीयत्व तिबेटी.

तिची मुलगी १९६६ ला भारतात जन्मली. कायद्यानं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानंच भारतीय नागरिक. तिबेट्यांच्या बाबतीत हे मान्य व्हायला दिल्ली उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१० चा निकाल यावा लागला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. नात १९८७ नंतरची, पण आई नागरिक म्हणून तीही नागरिक ठरू शकते. म्हणजे एका घरात एक परदेशी, एक जन्मानं भारतीय, एक आईमुळे भारतीय. प्रत्यक्षात मुलगी आणि नात दोघींनी आर.सी.च ठेवली आहे. भारतीय पासपोर्ट घेतला तर वसाहतीतल्या घराचं, जमिनीचं काय, ही धास्ती एकीकडे. जमीन सरकारची, २०१४ च्या पुनर्वसन धोरणानुसार वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची. दुसरीकडे आजीचं म्हणणं: आपण इथं पाहुणे आहोत, पाहुण्यानं घरधन्याचं नाव लावू नये. नातीला हे पटत नाही आणि ते मोडवतही नाही. मला विचाराल तर तिनं पासपोर्ट घ्यावा. ज्या देशाचे रस्ते आजीनं बारा वर्षं हातानं घडवले, त्या देशाच्या कागदावर तिच्या नातीचा हक्क कुणाही इतकाच आहे.

नातीचा थोरला मामा, धरमशाळेत वाढलेला, आता कॅनडात असतो. त्याची मुलं फोनवर आजीबद्दल विचारतात आणि त्यांना खिंडीची गोष्ट हवी असते, बर्फ, सैनिक, रात्रीची वाट. यांगझोम ब्राउएन या स्विस-तिबेटी नातीनं आपल्या कुन्सांग आजीवर पुस्तक लिहिलं, ते त्यांनी वाचलं आहे. तसंच काही आपल्याही घरचं असावं, अशी त्यांची इच्छा. नात त्यांना सांगते की आजीनं ते सगळं फार थोडक्यात सांगितलंय, खडीबद्दल विचारा.

तिनं आजीचं बोलणं मोबाइलवर धरून ठेवलं आहे, जेवताना, वाती करताना, मध्ये कोंबड्यांचा आवाज, मध्ये कुकरच्या शिट्या. रस्त्याच्या कामाचे दिवस त्यात सर्वांत जास्त आहेत, पण गावांची नावं आजीच्या उच्चारात अशी बदललेली की ती नकाशावर सापडत नाहीत. यंदाचा हंगाम आणि लोसार आटोपला की मे महिन्यात आईला घेऊन कुलूला जायचं तिनं ठरवलंय, आईचा जन्म ज्या तंबूत झाला ती जागा शोधायला. आजीच्या टोळीतली एक म्हातारी वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला राहते. नात सध्या संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसते. पुलांची यादी चालली आहे: कोणता पूल आधी झाला, कोणता नंतर, आणि कोणत्या पुलाच्या वेळी थंडी इतकी होती की हातोड्याला फडकं गुंडाळावं लागलं.